'सिमरॉन' (१९६०): शर्यत संपली आणि सिनेमाही संपला – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हॉलिवुडपटांबद्दल लिहायला लागल्यापासून या एका चित्रपटाबद्दल जितकी विचारणा झाली, तितकी त्याहून दहापट चांगल्या चित्रपटांबद्दलही झाली नाही. बहुतेकांनी तो अर्धवट पाहिलेला असतो. सुरुवात जबरदस्त वाटते, मग कुठेतरी डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा नायिकेचे केस पांढरे झालेले असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. शेवट आधी कळायला नको असेल तर १६वा प्रश्न वगळा.

१. 'सिमरॉन' नेमका कोणता? आणि या शब्दाचा अर्थ काय?

या नावाचे दोन चित्रपट आहेत. पहिला १९३१चा, कृष्णधवल, आरकेओ कंपनीचा. दुसरा १९६०चा, रंगीत, सिनेमास्कोपच्या रुंद पडद्याचा, एमजीएम (मेट्रो-गोल्डविन-मेयर) कंपनीचा. दोन्ही एडना फर्बर यांच्या १९३० साली आलेल्या कादंबरीवर बेतलेले आहेत. इथे मुख्यतः दुसऱ्याबद्दल लिहिलंय. पहिल्याशी तुलना दहाव्या उत्तरात आहे.

शब्द मूळचा स्पॅनिश. रानटी, माणसाळून पुन्हा रानात पळालेला, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातून याच नावाची नदी वाहते. गोष्टीत हे नायकाचं टोपणनाव आहे, आणि मुलाचंही तेच ठेवलंय. दावं तोडून पळणाऱ्या गुराला शोभणारं नाव बापाने पोराला द्यावं, यातच सगळी कथा आली.

२. गोष्ट काय आहे? थोडक्यात सांगा.

यान्सी क्रॅव्हट (ग्लेन फोर्ड) हा वकिली, पिस्तूल आणि भाषण तिन्ही जमणारा देखणा गडी. सुखवस्तू घरातल्या साब्राशी (मारिया शेल) त्याचं नुकतंच लग्न झालंय. ओक्लाहोमात सरकार जमीन फुकट वाटणार म्हणून दोघं गाडी जुंपून निघतात. जमिनीच्या शर्यतीत यान्सीला हवी असलेली जमीन त्याची जुनी मैत्रीण डिक्सी (ॲन बॅक्स्टर) निव्वळ खुन्नस म्हणून पटकावते. शर्यतीत मरण पावलेल्या संपादक मित्राचं 'ओक्लाहोमा विगवॅम' हे वर्तमानपत्र यान्सी चालवायला घेतो. मुलगा होतो, गाव वाढतं. पण यान्सीच्या पायाला भिंगरी. नवी जमीन खुली झाली की निघाला, युद्ध पेटलं की निघाला. मागे पेपर आणि पोर दोन्ही साब्राच्या गळ्यात. पंचवीस वर्षांचा हा संसार १४७ मिनिटांत बसवलाय.

३. जमिनीची अशी शर्यत खरंच झाली होती की सिनेमावाल्यांची कल्पना?

खरंच झाली होती, आणि सिनेमात दाखवलीय त्याहून जास्त चमत्कारिक होती.

तारीख २२ एप्रिल १८८९, वेळ दुपारी बाराची. आजच्या ओक्लाहोमाच्या मधोमध सुमारे वीस लाख एकरांचा पट्टा होता. क्रीक आणि सेमिनोल या मूळ रहिवाशांकडून सरकारने तो आधीच काढून घेतला होता, पण कोणत्याही जमातीला नेमून दिला नव्हता. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी मार्चमध्ये जाहीरनामा काढला की बावीस तारखेला दुपारी हद्द उघडेल. जो आधी पोचून खुंटी ठोकेल त्याची जमीन. एकाला जास्तीत जास्त १६० एकर. आपल्या हिशेबात सांगायचं तर ६,४०० गुंठे. तिथे राहून ती कसली तर पाच वर्षांनी मालकी पक्की.

अंदाजे पन्नास हजार माणसं हद्दीवर जमली. घोड्यांवर, खटाऱ्यांत, पायी, आणि हो, आगगाडीतूनसुद्धा. सैनिक रेषा धरून उभे होते. बाराच्या ठोक्याला इशारा झाला आणि सगळं अंगावर घेत लोक सुटले. सकाळी जिथे एक स्टेशन आणि चार खोपटी होती, त्या गथ्रीत संध्याकाळी दहा हजारांच्या आसपास लोक तंबू ठोकून बसले होते. ओक्लाहोमा सिटीचंही तेच. रस्ता कुठून जाणार हे ठरायच्या आत प्लॉट गेलेले होते. आपल्याकडे शहराबाहेर एखाद्या विमानतळाची नुसती कुणकुण लागली की काय होतं ते आठवा आणि ते सगळं एका दुपारीत कोंबा.

मध्यंतरानंतर यान्सी जिच्यासाठी घर सोडतो ती दुसरी शर्यतही खरी आहे. १६ सप्टेंबर १८९३, चेरोकी पट्टा. ती आणखी मोठी होती: एक लाखाहून अधिक माणसं आणि साठ लाखांहून अधिक एकर.

४. 'सूनर' म्हणजे काय? हा शब्द सतत कानावर पडतो.

इशारा होण्याआधीच रात्री चोरून आत शिरलेले आणि झुडपांत लपून बसलेले लोक. धापा टाकत पोचलेल्याला दिसायचं की चांगल्या ओढ्याकाठी कोणीतरी निवांत बसलेलं आहे आणि त्याच्या घोड्याला घामसुद्धा आलेला नाही. आयत्या बिळावर नागोबा! यावरून कोर्टात वर्षानुवर्षं खटले चालले. गंमत म्हणजे पुढे ही शिवीच बिरुद झाली. ओक्लाहोमाला आज लोक अभिमानाने 'सूनर स्टेट' म्हणतात.

५. शर्यतीचं दृश्य एवढं का नावाजतात?

कारण ते खरोखरच नावाजण्यासारखं आहे. कॅमेरा रॉबर्ट सर्टीस यांचा, ज्यांना 'बेन-हर'साठी नुकतंच ऑस्कर मिळालेलं होतं. रथांची शर्यत टिपलेला माणूस खटाऱ्यांची शर्यत टिपतोय.

पण माझ्या मते जादू धावण्यात नाही, धावण्याआधीच्या थांबण्यात आहे. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्यांची रांग. घोडी लगाम चावतायत, माणसं घड्याळाकडे पाहतायत. पुढे फक्त गवत. सिनेमास्कोपचा लांबोडका पडदा एरवी दोन माणसांच्या संवादाला अडचणीचा, पण इथे तो जणू याच रांगेसाठी बनवलाय. मग सुटका. धूळ इतकी की क्षणभर काहीच दिसत नाही. त्यातून चाकं निखळतात, गाड्या कलंडतात, माणसं घोड्यांच्या पायांत जातात. आणि दिग्दर्शक पुन्हा पुन्हा उंचावर जाऊन सगळा पसारा दाखवतो. खालून पाहिलं तर पराक्रम, वरून पाहिलं तर मुंग्यांचं वारूळ फुटलंय.

या गर्दीत एक छोटा प्रसंग येतो. मूळ रहिवासी असलेलं एक कुटुंबही जमीन मिळवायला रांगेत आलेलं असतं आणि काही गुंड त्यांना हुसकावायला जातात. ज्यांच्या जमिनीची लूट चाललीय त्यांनाच त्या लुटीच्या रांगेत उभं राहू देत नाहीत. एवढ्या एका प्रसंगाने सिनेमा केवढा मोठा झाला असता! (पुढे काय होतं ते १२व्या उत्तरात.)

६. मग लोक निराश का होतात? नेमकं काय बिघडलं?

कारण कादंबरी शर्यतीनंतरची आहे आणि सिनेमाला फक्त शर्यत येते.

जमीन मिळवणं एका दुपारचं काम. ती टिकवणं, गाव वसवणं, पेपर चालवणं, पोर वाढवणं ही वीस-पंचवीस वर्षांची हमाली. फर्बर यांनी ती हमाली एका बाईच्या खांद्यावर टाकली आणि तिच्याबद्दल पुस्तक लिहिलं. सिनेमाचा जीव मात्र पळणाऱ्या माणसात अडकलाय.

एक प्रसंग नीट पाहा. आगगाडी लुटायला निघालेली टोळी शाळेत घुसते, मुलांना ओलीस धरते. यान्सी शेवटच्या गुंडाला गोळी घालतो. गावात तो वीर ठरतो, बक्षिसाचे चेक हातात येतात. साब्राला वाटतं, चला, पोराचं काहीतरी होईल. यान्सी चेक फाडून टाकतो, कारण मेलेल्यांत एक त्याच्या ओळखीचा कोवळा पोरगा होता आणि त्याच्या रक्ताचा पैसा त्याला नको. यान्सीचं बरोबर आहे. साब्राचंही बरोबर आहे. घरोघरी होतं तसं खरं भांडण इथे होऊ शकलं असतं: तुझी तत्त्वं, माझा किराणा. पण सिनेमा साब्राला लोभी ठरवून मोकळा होतो आणि यान्सीच्या चेहऱ्यावर उजेड टाकतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला विचारा, तिला हा प्रसंग कसा दिसतो.

दुसरी जागा याहून वाईट. यान्सी कायमचा दुरावतो तेव्हा साब्रा व्यापारी सोल लेव्हीकडून कर्ज काढते आणि पेपर वाढवायचं ठरवते. मी सरसावून बसलो. आता कळेल बाई छापखाना कसा उभा करते, जाहिराती कुठून आणते, कर्जाचे हप्ते कसे फेडते, पुरुष कंपोझिटर तिचं ऐकतात का. तर नाही. एकदम दहा वर्षं पुढे. पेपर मोठा झालाय, पंचविसावा वर्धापनदिन आहे आणि सगळे टाळ्या वाजवतायत. म्हणजे ज्या दहा वर्षांसाठी ही गोष्ट सांगायची, तीच दहा वर्षं दोन दृश्यांमधल्या फटीत पडून गेली.

आणि प्रेमकथा? दोन माणसं एका खोलीत असतील तर प्रेमकथा होते. इथे एक जण सदैव दाराबाहेर. विरहातही रस असतो, आपल्या विराण्या आणि जात्यावरच्या ओव्या त्यावरच उभ्या आहेत, पण त्यासाठी मागे राहिलेल्या माणसाबरोबर कॅमेऱ्याने थांबावं लागतं.

७. दिग्दर्शक अँथनी मॅन म्हणजे वेस्टर्नमधला उस्ताद. त्याच्या हातून असं कसं झालं?

रास्त शंका. नट जेम्स स्टुअर्टला घेऊन मॅननी १९५०च्या दशकात पाच वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतले घोडे-पिस्तुलांचे चित्रपट, केले. 'विंचेस्टर '७३', 'द नेकेड स्पर', 'द मॅन फ्रॉम लॅरामी' हे त्यांतले. डोंगर, दरी, ओढा यांना पात्रासारखं वागवणारा हा माणूस. भूगोल बदलला की त्याच्या नायकाचं मन बदलायचं.

'सिमरॉन'ची शर्यत ॲरिझोनाच्या उघड्या माळावर चित्रित झाली. मॅनना बाकीचाही बराच भाग बाहेरच करायचा होता. स्टुडिओने हात आखडता घेतला आणि मुक्काम हलवून स्टुडिओतल्या सेटवर आणला. मॅन यांचं बिनसलं आणि ते चित्रपट पुरा न करताच बाहेर पडले. उरलेलं काम चार्ल्स वॉल्टर्स यांनी केलं, पण श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. वॉल्टर्स हे 'ईस्टर परेड' आणि 'हाय सोसायटी'सारख्या संगीतपटांचे दिग्दर्शक. वाईट नव्हे, पण जात वेगळी. पोवाडा अर्ध्यात सोडून शाहीर उठून गेला आणि पुढचा भाग नाट्यगीतवाल्याकडे आला.

एकदा हे कळलं की सांधा डोळ्यांना दिसतो. सुरुवातीला वारा आहे, धूळ आहे, घामाने चिकटलेले कपडे आहेत. नंतर भिंती आहेत, पडदे आहेत, दिवाणखाने आहेत. मॅनना त्याच सुमारास दुसरा फटकाही बसला होता. 'स्पार्टाकस'वरून त्यांना सुरुवातीलाच काढून स्टॅन्ली कुब्रिकना आणलं गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी 'एल सिड' केला, तेव्हा हात गेला होता असं म्हणायला जागा नाही.

८. तिकीटबारीवर चालला का? ऑस्कर वगैरे?

नाही चालला. खर्च चोपन्न लाख डॉलरच्या आसपास, आणि कंपनीच्या हिशेबाने तोटा छत्तीस लाखांच्या आसपास. 'बेन-हर'ने तिजोरी भरल्यावर एमजीएमला जुनी गाजलेली नावं पुन्हा भव्य करून काढायचा नाद लागला होता. 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' आणि 'म्युटिनी ऑन द बाउंटी' हे १९६२चे महाग रिमेक त्याच वाटेने गेले आणि आपटले. 'सिमरॉन'ला ऑस्करची दोन नामांकनं होती, कलादिग्दर्शन आणि ध्वनी. मिळालं काहीच नाही.

९. मारिया शेल या भूमिकेत शोभत नाही, उच्चार परके वाटतात. चुकीची निवड होती का?

ही तक्रार चित्रपट आला तेव्हापासूनची आहे. शेल व्हिएन्नात जन्मलेली. अमेरिकेतल्या घरंदाज कुटुंबातली मुलगी म्हणून तिचे जर्मन वळणाचे उच्चार खटकतात हे खरं.

तरी मी तिच्या बाजूने. पहिल्या तासाभरात नव्या नवरीचा जो अतिउत्साह, घाबरणं आणि हट्ट तिने दाखवलाय तो इतर कुणाच्याही कामापेक्षा जिवंत आहे. ज्या मुलखात नवऱ्याखेरीज कुणी ओळखीचं नाही तिथे ती उपरी वाटते, आणि तिने उपरीच वाटायला हवं. दोष उच्चारांचा नाही. पुढे तिच्या वाट्याला रडणं, वाट पाहणं आणि पावडर लावून म्हातारं होणं याखेरीज काही लिहिलेलंच नाही (का, ते सहाव्या उत्तरात).

ग्लेन फोर्डचं उलट. '३:१० टू युमा'मध्ये गालातल्या गालात हसत खलनायक रंगवणारा हा नट. पण यान्सीला हवा वारं प्यायलेला वक्ता, सभेत उभा राहिला की चार माणसं कामधंदा सोडून मागे लागतील असा. फोर्ड भला माणूस वाटतो. भल्या माणसाला पळून जायचं कारण सापडत नाही.

बाकी मंडळी मात्र बघत राहावीत अशी. मर्सिडीझ मॅककेम्ब्रिज आठ पोरांची आई झालीय. रस टॅम्ब्लिन उनाड 'चेरोकी किड', आणि हाच पोरगा पुढच्या वर्षी 'वेस्ट साइड स्टोरी'त नाचताना दिसतो.

१०. १९३१चा चांगला की १९६०चा? पहिल्याला तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर आहे ना?

आहे, आणि वेस्टर्नला मिळालेलं ते पहिलं. दुसरं मिळायला 'डान्सेस विथ वुल्व्हज'पर्यंत, म्हणजे जवळपास साठ वर्षं, वाट पाहावी लागली. पहिल्या 'सिमरॉन'चे दिग्दर्शक वेस्ली रगल्स, नायक रिचर्ड डिक्स, साब्रा आयरीन डन. त्याची शर्यतही अफाट आहे, हजारो माणसं आणि दोन डझनांहून जास्त कॅमेरामन लावून टिपलेली.

पण ऑस्करच्या शिक्क्यावर जाऊ नका. बोलपट नुकताच जन्मलेला, त्यामुळे डिक्स नाटकातल्यासारखा हातवारे करून बोलतो. कृष्णवर्णीय नोकर पोराचं चित्रण आज पाहताना लाज वाटते. रिमेकने ते पात्रच काढून टाकलं, हे बरं केलं.

तरी एका बाबतीत जुना सरस. त्यात साब्रा खरंच काहीतरी होते. राजकारणात शिरून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून जाते. तिचे पूर्वग्रह दिसतात, ते मोडतानाही दिसतात. आयरीन डन पंचविशीतून म्हातारपणाकडे जाते ते पटतं. म्हणून माझा कौल असा: शर्यत दोन्हींची पाहा, संसार १९३१चा पाहा.

११. लेखिकेला हा सिनेमा आवडला होता का?

अजिबात नाही. दोनदा चिडल्या.

पहिल्यांदा पुस्तकाच्या वाचकांवर. फर्बर यांचं म्हणणं असं की आपण बोचरा उपहास लिहिला होता, आणि लोकांनी तो रम्य प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेतला. पश्चिम जिंकणाऱ्या वीरांचं गुणगान त्यांना करायचं नव्हतं. जमीन लाटून, गाव वसवून, मग हळूहळू सभ्य आणि कंटाळवाणे होत जाणाऱ्या समाजाची त्यांना फिरकी घ्यायची होती.

दुसऱ्यांदा १९६०च्या चित्रपटावर. हक्क पूर्वीच विकले गेल्यामुळे रिमेकचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही, नाव मात्र जाहिरातीत ठळक. १९६३च्या आत्मचरित्रात त्यांनी याबद्दल भरपूर आग पाखडलीय. परदेशी नायिकेवरही त्यांचा राग होता, म्हणजे नवव्या उत्तरात मी लेखिकेच्याच विरोधात बोललोय. चालायचंच.

१२. मूळ रहिवाशांचं चित्रण कसं आहे? हल्लीच्या नजरेने पाहवतं का?

त्या काळाच्या मानाने प्रामाणिक, पण अर्ध्यावर सोडलेलं. पाचव्या उत्तरातलं कुटुंब आठवतंय? त्या घरातल्या कर्त्याला पुढे झुंडीने ठार मारलं जातं. यान्सी पोचतो पण उशिरा, आणि मारेकऱ्याला गोळी घालतो. त्या घरची मुलगी रूबी साब्राच्या मुलाबरोबर वाढते आणि दोघं लग्न करतात. साब्राला ते सोसत नाही. नायिकेच्याच मनातला वंशद्वेष १९६०च्या चित्रपटाने असा उघड दाखवावा, हे धाडस होतं. रूबीची आई झालेली डॉन लिटल स्काय आणि वडील झालेला एडी लिटल स्काय हे दोघंही स्वतः मूळ रहिवासी समाजातले कलाकार, हेही तेव्हा सर्रास होत नसे.

मग तेल लागतं. यान्सीचा जुना मित्र टॉम वायट श्रीमंत होतो, आणि मूळ रहिवाशांचे तेलाचे हक्क त्याने लबाडीने लाटल्याचं कळतं. ज्याला आपल्या गाडीत बसवून आणलं, त्यानेच हे करावं! यान्सीला राज्यपालपदाची तयार खुर्ची मिळत असते, पण ती अशाच लोकांच्या कृपेने, म्हणून तो नाकारतो. इथे सिनेमा शेवटचा जागा होतो आणि लगेच झोपतो. कारण यान्सी लढत नाही, पुन्हा निघून जातो.

खऱ्या इतिहासात हा भाग फार भयंकर आहे. ओसेज जमातीने १९०६च्या वाटपात जमिनीखालच्या खनिजाचे हक्क सामाईक राखले होते. तेलामुळे १९२०च्या दशकात ती माणसं गडगंज झाली, आणि त्या हिश्शांसाठी त्यांचे खून पाडले गेले. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' (२०२३) त्यावरच आहे. चित्रपटातल्या गावाचं नाव 'ओसेज' आहे, गाव काल्पनिक आहे.

१३. यान्सी क्रॅव्हट खरा माणूस होता का?

बराचसा बेतलेला आहे टेंपल ह्यूस्टन यांच्यावर. टेक्ससचे प्रसिद्ध नेते सॅम ह्यूस्टन यांचा हा धाकटा मुलगा. वकील, लांब केसांचा, भपकेबाज कपड्यांचा, पिस्तुलात तरबेज. एका वेश्येच्या बचावाचं त्याचं भाषण तिथल्या वकिली इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याची सावली कादंबरीतल्या आणि १९३१च्या चित्रपटातल्या डिक्सीच्या खटल्यावर पडलीय. रिमेकमध्ये डिक्सी फक्त झुरणारी जुनी मैत्रीण उरली. ॲन बॅक्स्टरसारखी नटी हाताशी असताना!

१४. एमजीएम म्हणजे मुंबईचं मेट्रो थिएटर बांधणारेच का?

तेच. धोबी तलावाच्या कोपऱ्यावरचं मेट्रो १९३८ साली मेट्रो-गोल्डविन-मेयरने आपले चित्रपट दाखवायला बांधलं. नावातला 'मेट्रो' तिथूनच आला. आताच्या भुयारी मेट्रोशी त्याचा संबंध नाही, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

१५. टीव्हीवर पाहिला तेव्हा शर्यत काहीच वाटली नाही. तुम्ही उगाच कौतुक करता का?

बहुधा तुम्ही कापलेली प्रत पाहिलीत. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या सव्वादोनपट-अडीचपट रुंद. जुन्या टीव्हीचा पडदा सव्वापटीहून जरासाच जास्त. तो भरायचा म्हणून दोन्ही बाजू छाटायचे, म्हणजे चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग गायब. मी स्वतः पहिल्यांदा तसाच पाहिला, मामांच्या घरी डबा टीव्हीवर. रांगेतल्या चार गाड्या दिसल्या आणि मामा म्हणाले, "एवढ्याच? आमच्या गावच्या शंकरपटाला याहून जास्त असतात." वर्षांनी पूर्ण रुंदीची प्रत मिळाली तेव्हा मामांना फोन केला होता.

तेव्हा वरखाली काळ्या पट्ट्या असलेलीच प्रत शोधा. मोबाइलवर मुळीच नको.

१६. शेवट काय होतो? यान्सी परत येतो का? (ज्यांना पाहायचाय त्यांनी वाचू नये.)

नाही. १९१४ साल. पेपरचा पंचविसावा वाढदिवस, घरात पाहुणे, दुरावलेला मुलगा आणि रूबी नातवंडांना घेऊन आलेत. युरोपात महायुद्ध पेटलंय. यान्सी तिथे पोचलेला असतोच, ब्रिटिश सैन्यात. साब्राच्या हातात त्याचं पत्र येतं, आणि तो लढताना गेल्याची तारही. १९३१मध्ये याउलट तो तेलाच्या विहिरीवर इतरांना वाचवताना मरतो आणि साब्रा त्याच्यापर्यंत पोचते. दोन म्हातारी माणसं चिखलात एकमेकांना ओळखतात. रिमेकने ती भेट काढून टपालखात्यावर भागवलं.

त्याआधी एक शिल्पकार वसाहत करणाऱ्यांचं स्मारक घडवणार असतो. साब्रा सांगते की नमुना म्हणून यान्सीलाच घ्या. छापखान्यात पंचवीस वर्षं शाईचे हात घेऊन उभी राहिलेली बाई हे सुचवते, आणि खोलीत कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नाही.

१७. मग पाहायचा की नाही?

पाहायचा, पण बेत आखून. शर्यत संपेपर्यंत दिवे बंद, फोन बाजूला. शाळेचा प्रसंग आणि त्यानंतरचं चेक फाडणं, हे नवराबायकोने एकत्र बसून पाहावं. वाद होईल, तोच बघण्यासारखा असतो. तेल लागल्यावर चहा टाकायला उठलात तरी चालेल, फक्त राज्यपालपद नाकारतो तेवढ्याला परत या. आणि फ्रान्झ वॅक्समन यांचं संगीत आवडलं तर ते वेगळं ऐका. 'सनसेट बुलेव्हार्ड'वाले हेच.